मास्तर कुठं उतरले?

"ताई, म्या मधीच उतरलो."

पुस्तक टेबलावर ठेवायचं, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करायचा आणि मग हे जाहीर करायचं, ही आमच्या मास्तरांची रीत. हे वाक्य कानावर पडलं की वाचनालयात पेपर वाचत बसलेली माणसं माना वर करायची. आज कुणाची तरी खरडपट्टी निघणार हे सगळ्यांना कळायचं. पुण्या-मुंबईच्या त्या लेखकाला बिचाऱ्याला काय पत्ता, की लोहारा तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिराशेजारच्या दोन खोल्यांत आज आपला निकाल लागलाय!

"कितव्या पानावर उतरलात?" मी विचारायचे.

"एकशे बारा. तिथनं पुढं गाडी निस्ती पळतीया. जायचं कुठंच न्हाय."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे शाळेत असतात ते गुरुजी, आणि एसटीत तिकीट देतो तो मास्तर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी उमरगा, लोहारा, धाराशिव, तुळजापूर या रस्त्यांवर कंडक्टरकी केली. मुक्कामाच्या गाडीवर असताना वेळ जाईना म्हणून वाचायला लागले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडून काढण्यापासून पुस्तकांना खाकी कव्हरं घालण्यापर्यंत सगळं. सकाळी मी कुलूप काढायला जायचे तेव्हा मास्तर आधीच पायरीवर बसलेले असायचे, मांडीवर कालचं पुस्तक घेऊन.

पहिल्या दहा-वीस पानांत पुस्तक मिटलं तर ते "फाट्यावर उतरलो" म्हणायचे. निम्म्यात कंटाळले तर "मधीच". पुरं वाचलं तर "शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो", आणि हे ऐकायला मिळणं म्हणजे लेखकाचं नशीबच. गावानं ही भाषा उचलली होती. पिको-फॉल करणारी सुनंदा पुस्तक बदलायला आली की मागचं कव्हर वाचायचीच नाही. थेट मला विचारायची, "ताई, ह्यात मास्तर कुठं उतरले?"

मधे एक चारशे पानांची रहस्यकादंबरी आली होती. मोबाइलवर जो तो तिचीच चर्चा करत होता. आमच्याकडे तिच्यासाठी नंबर लागले. मास्तरांनी ती नेली आणि तिसऱ्या दिवशी आणून आपटली.

"खुनी कळला का?"

"कळला की. तीनशे सत्तराव्या पानावर एक जुळा भाऊ काढलाय. आता मला सांगा, आदी कुठं हुता त्यो? गाडीत चढलाच न्हाय त्या माणसाला ह्यो शेवटच्या स्टॉपवर उतरवतोय!"

भर वाचनालयात खुनी सांगून टाकला. नंबर लावलेल्या निम्म्या लोकांनी नावं काढून घेतली. मी चिडले तर म्हणाले, "तेवढाच त्यांचा आठवडा वाचला."

पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्या मुलामुलीची एक प्रेमकथा होती, तिच्यावर सुनंदाचा फार जीव. रडून रडून वाचली होती बाईनं. मास्तर म्हणाले, "कॉपी पितेत, भांडतेत, परत कॉपी पितेत. एकदा तरी जेवा की रे म्हणावं." सुनंदा भडकली. मी रडले ते काय खोटं का, म्हणाली. मास्तर शांतपणे म्हणाले, "रडलीस त्ये खरं. पर दिवसभर मशीनवर बसून तुजं डोळं चुरचुरतेत, त्याचं बी थोडं असंल." आठ दिवस तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी तोच प्रश्न घेऊन आली.

ऐतिहासिक कादंबऱ्यांना आमच्याकडे मरण नाही. जाडजूड, वर तलवारीचं चित्र. मास्तरांनी त्या इमानानं नेल्या. "दोनी कडनं फौजा हुब्या, आन् ह्यो गडी घोड्यावर बसून साडेतीन पानं बोलतोय. घोडं बी कंटाळलं असंल." भुताखेताच्या कादंबरीवर त्यांचा आक्षेप वेगळाच होता. भूत कायम बंगल्यातच कसं, गरिबाच्या घरात कुणी मरतच नाही का, असं त्यांनी मला विचारलं होतं. बक्षीस मिळालेल्या एका ग्रामीण कादंबरीत हुरड्याला पाहुणे आले होते आणि त्याच पानावर आंब्याला कैऱ्या लगडल्या होत्या. त्या दिवशी मास्तर खरंच संतापले. "एका पानात तीन म्हैनं उडवले. ह्याला आणा हिकडं आन् एक डाव रानात हुबा करा."

आणि यंत्रमानवाची एक कादंबरी मी आपली गंमत म्हणून त्यांच्या हातात दिली, तर ती शेवटपर्यंत वाचून आले. डोळे लाल. "राब राब राबवून घेतेत त्याला आन् मोडल्यावर भंगारात देतेत. आमच्या डेपोत गाड्या हुब्या असायच्या तशा, सीटं उसकटलेल्या." बराच वेळ ते पुस्तक त्यांनी परत केलंच नाही, नुसतं धरून बसले.

अहो, मला सांगा, अशा माणसावर विश्वास ठेवू नये तर कुणावर ठेवावा?

त्यातही एक दिवस असा आला की त्यांच्या खरेपणावर मी शिक्काच मारला. सरपंचांच्या मेव्हण्यानं कादंबरी लिहिली. प्रकाशन आमच्याच वाचनालयात. सतरंज्या, माईक, हार, पेढे, सगळं. सरपंचांनी कौतुकानं मास्तरांना माईकवर बोलावलं. आमच्या गावचे नामांकित वाचक, दोन शब्द बोलतील म्हणाले. मास्तर उभे राहिले. टोपी नीट केली. म्हणाले, "म्या आठव्या पानावर उतरलो. गाडी अजून स्टँडातच हुती."

कुणी हसेना. पेढ्याचा बॉक्स हातात धरून मी उभी. मेव्हणा लालबुंद झाला. मास्तर पुढे त्याला म्हणाले, "बाबा, रागावू नगंस. आठव्या पानात तुझी आई चुलीपुढं बसून जे बोलती, तेवढं खरं हाय. बाकीचं उचललेलं हाय. तेवढंच धर आन् परत लिव."

त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि ठरवलं, की आपलं दाखवायचं ते याच माणसाला.

कारण मीही लिहीत होते. सहा वर्षं. घरचं आवरून, वाचनालयाच्या टेबलावर, पुस्तकांच्या नोंदवहीखाली कागद लपवून. त्र्याण्णवच्या भूकंपावरची कादंबरी. आमचं गाव त्यातलंच. आताचं गाव म्हणजे नंबर टाकलेल्या रांगा, सगळी घरं एकसारखी. जुनं गाव तिकडे दोन किलोमीटरवर, तिथं आता बाभळी. कुणाच्या घरातलं कोण गेलं हे इथं सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी कुणाला विचारत नाही. मास्तरांची आई आणि थोरली मुलगी गेली. ते स्वतः त्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर परगावी होते, सकाळी आले आणि हातांनी माती उपसायला लागले. मी नऊ वर्षांची होते आणि मामाकडे गेले होते. म्हणजे त्या रात्री मीही गावात नव्हते. मला ते लिहायचंच होतं. नाही लिहिलं तर आपण या गावच्या नाही, असं काहीतरी मनात बसलं होतं.

टाइप करून घेतलेली पानं मी दोऱ्यानं शिवली, वर खाकी कव्हर घातलं आणि मास्तरांच्या हातात ठेवली. "मास्तर, जिथं उतराल तिथला पान नंबर सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी पाठवणार नाही. शपथ."

"बगू की," म्हणाले.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी ते आले. पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. आणि म्हणाले, "शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, ताई. द्या पाठवून."

मी तिथंच रडले. मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पेपर उचलून तोंडापुढे धरला. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

कादंबरी छापून आली. मनोगतात मी लिहिलं, की जिल्ह्यातल्या सगळ्यात कडक वाचकानं ही शेवटपर्यंत वाचली आणि तेवढ्या बळावर मी ती तुमच्या हाती देते आहे. उमरग्याच्या कार्यक्रमात माईकवरून तेच सांगितलं. मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्यांना उभं राहायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते अर्धवट उठले आणि लगेच बसले. लाजले असतील, असं मला वाटलं. केवढी मी शहाणी!

संक्रांतीला काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, हळदीकुंकवाला बोलावलं. बायका येत-जात होत्या. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, वाण दिलं, आणि अगदी साध्या मनानं म्हणाल्या, "ताई, तुमचं पुस्तक त्यांच्यानं काय पुरं हुईना बगा. म्या म्हनलं, आपल्या ताईचं हाय, वाचा की वो. तर म्हनले, मला त्या पानाच्या पुढं जाता येत न्हाय."

"कोणत्या पानाच्या?"

"त्ये काय की बया. आदी तुमी कागदं दिल्ते, तवा बी तितंच घडी घालून ठिवली हुती."

मागून कुणीतरी आलं, काकू कुंकू लावायला वळल्या. मी ओटीत वाण धरून तिथंच. तिळगूळ घ्या आणि गोड बोला म्हणतो ना आपण? मास्तर माझ्याशी गोडच बोलले होते. सरपंचाच्या मेव्हण्याला भर सभेत खरं सांगणारा माणूस माझ्याशी गोड बोलला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन मास्तरांना भेटलेही नाही, तशीच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर होतेच. मी कुलूप काढलं नाही. किल्ली हातात धरून उभी राहिले.

"मास्तर, माझ्या पुस्तकात तुम्ही कुठं उतरलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एकोणसत्तर," म्हणाले.

एकोणसत्तर. ती रात्र जिथून सुरू होते ते पान. चौदा पानांची रात्र. त्याच पानांचं उमरग्याला वाचन झालं होतं, त्याच पानांवर पेपरात कुणीतरी 'काव्यमय' असं लिहिलं होतं.

"का?"

"जाऊ द्या की ताई."

"नाही जाऊ देत. का, ते सांगा."

ते पायरीकडे बघत बोलले. "तुमी लई सुंदर लिवलंय. विसर्जनाचा गुलाल, पहाट, आन् ती बाई मातीत गाडलेली, लेकराला छातीशी धरून म्हनती, माती बी आईच हाय." गुडघ्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली. "मातीत माणूस बोलत न्हाय, ताई. तोंडात माती असती. म्या बोटं घालून काडलीया."

आता हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. तुम्हाला तसं वाटेल. मलाही आता वाटतं. पण मी तेव्हा गप्प बसले नाही.

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलं? सहा वर्षं, मास्तर! मी शपथ घेतली होती. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी ते पान फाडून परत लिहिलं असतं. आता हजार लोकांच्या घरात ते खोटं जाऊन बसलंय, आणि त्याच्यावर तुमचा हवाला आहे!"

"तुमी दोऱ्यानं शिवून आणलं हुतं..."

"त्या मेव्हण्यानं पेढे आणले होते! त्याला सांगितलंत ना?"

"त्यो परका," मास्तर म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "त्याला सांगून म्या घरी गेलो. तुमाला सांगून कुठं जाऊ? बसायला हितंच, वाचायला हितंच. तुमी तोंड फिरवलं असतं तर म्या काय करावं?"

म्हणजे बघा. माझी दया आली म्हणून खोटं बोलले असते तर एक वेळ सोडून दिलं असतं. ते स्वतःसाठी बोलले. पायरीवरची जागा जाऊ नये म्हणून. आणि मी अशी लिहिणारी आहे, की खरं सांगितलं तर दार लावून घेईन, असं त्यांनी माझ्याबद्दल धरून चाललं होतं. रोज सकाळी भेटून, इतकी वर्षं! मला कशाचा जास्त राग आला ते अजून सांगता येत नाही.

"जन्मभर तिकिटं तपासलीत," मी म्हणाले, "आणि एक बिनतिकीट माणूस सोडलात. ओळखीचा म्हणून."

एसटीच्या माणसाला यापेक्षा मोठी शिवी नाही. मला ते माहीत होतं. त्यांचा चेहरा पार उतरला. टोपी घातली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले. मी कुलूप काढलं, झाडून काढलं, पेपर लावले.

वाचनालयात ते नंतरही येत राहिले, पण फक्त पेपरापुरते. कादंबरी न्यायची बंद. सुनंदानं विचारलं तर म्हणाले, डोळ्याला दिसत न्हाय. पेपरातली बारीक अक्षरं दिसत होती हो! मी मान खाली घालून नोंदी करायचे. सुनंदा तीन-चारदा रिकाम्या हातानं परत गेली. मग तिनं मोबाइलवर मालिका बघायला सुरुवात केली.

मी काय करायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. "मास्तर, बसा, चहा सांगते," एवढंच. पण रोज सकाळी त्यांना पायरीवर बघितलं की उमरग्याच्या टाळ्या ऐकू यायच्या आणि मी कुलूप काढून सरळ आत जायचे. दार मी लावलं नाही. पण त्यांना ज्याची भीती होती ते मी केलंच, तोंड फिरवलं. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर ठरला, आणि याचाही मला त्यांच्यावरच राग.

उन्हाळ्यात मुलानं त्यांना आणि काकूंना पुण्याला नेलं. जायच्या आदल्या दिवशी ते वाचनालयाचं कार्ड जमा करायला आले. मी नोंदवहीत नाव खोडलं. ते टेबलापाशीच उभे राहिले.

"ताई."

"बोला."

"परत लिवा. म्या बगीन." मग म्हणाले, "खरं सांगीन."

मी म्हणाले, "बघू." त्यांचाच शब्द त्यांना परत दिला, आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. ते गेले. मी दारापर्यंतही गेले नाही.

दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाल्या. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून रडले, आणि रडता रडता मला त्यांचा संतापही आला. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. त्यांनी एकदा खोटं बोलून माझी कादंबरी बिघडवली आणि दुसऱ्यांदा, खरं सांगीन म्हणून, ते न सांगताच निघून गेले.

गेल्या महिन्यात मी ती रात्र परत लिहायला घेतली. गुलाल काढला. पहाट काढली. त्या बाईचं बोलणं काढलं. चौदा पानांचं दीड पान राहिलं. त्यात कुणी बोलत नाही. एक माणूस सकाळच्या गाडीनं येतो आणि हातांनी माती उपसतो, एवढंच आहे.

ते दीड पान मी सुनंदाला वाचायला दिलं. शाळेतल्या गुरुजींना दिलं, सरपंचांच्या मेव्हण्यालाही दिलं. सगळे म्हणतात, छान झालंय.